आठवणी रेकॉर्ड केल्या, पुढे काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ग्रंथालयांनी वयस्कर माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवाव्यात असं हल्ली बरेच जण म्हणायला लागलेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, पण एका गोष्टीवर कोणी बोलतच नाही म्हणून हे पत्र. रेकॉर्डर बंद केला की काम झालं असं लोकांना वाटतं. निम्मं सुद्धा झालेलं नसतं हो.

माझा अनुभव सांगते. आमच्या आत्याचं बोलणं कोणीतरी 25-30 वर्षांपूर्वी टेप करून एका ग्रंथालयाला दिलं होतं. आत्या गेल्यावर मी ते ऐकायला गेले तर एक खोकं समोर आलं, त्यात चाळीसेक कॅसेट, निम्म्यांची लेबलं गळून पडलेली आणि बाकीच्यांवर नुसतं "मुलाखत, भाग 2". कोणाची, कोणी घेतली, कधी घेतली, काही नाही, रजिस्टरात नोंद नाही आणि टेप वाजवायचं मशीनही बंद. मी तिथल्या माणसांना दोष देत नाही, पुस्तकाची जशी नोंद करतात तशी आवाजाचीही करायची असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. आत्याचा आवाज त्या खोक्यात बहुतेक आहे, मला मात्र सापडला नाही.

बरं, हे काम नवीन आहे असंही नाही. अमेरिकेत 1936 ते 1938 मध्ये सरकारी योजनेतल्या लेखकांनी गुलामगिरीतून सुटलेल्या 2,300 हून जास्त माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या, त्या आज लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिथल्या संसदेच्या ग्रंथालयात आहेत, कोणीही वाचू शकतं. पण त्यातलं बहुतेक सगळं हाताने टिपून मग टाइप केलेलं, आणि विचारणारे बहुतेक गोरे, त्यामुळे समोरचा माणूस किती मोकळं बोलला असेल आणि लिहिणाऱ्याने त्याची भाषा किती बदलली असेल हा प्रश्न अभ्यासक आजही विचारतात. आवाज असता तर निदान अडखळणं तरी ऐकू आलं असतं. पुढे 1948 मध्ये ॲलन नेव्हिन्स या इतिहासकारांनी तिथल्याच कोलंबिया विद्यापीठात मौखिक इतिहासाचं, म्हणजे लोकांच्या तोंडून ऐकलेला इतिहास जपण्याचं, काम सुरू केलं, तिथेही सुरुवातीला टाइप केलेला मजकूर हेच खरं कागदपत्र मानायचे आणि टेप पुसून परत वापरायचे! एवढ्या मोठ्या ठिकाणी असं झालं तर आपण किती जपायला हवं बघा.

"म्हाताऱ्या माणसांना नीट आठवत नाही, त्यात काय इतिहास" असं म्हणणारेही भेटतात. त्यांना मी इटलीतल्या तेर्नी गावाचं सांगते. तिथे 1949 मध्ये नाटोविरोधी निदर्शनात एक तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला, पण आलेस्सांद्रो पोर्तेली या अभ्यासकाने अनेक वर्षांनी लोकांना विचारलं तर बऱ्याच जणांनी तो 1953 मध्ये, कारखान्यातून हजारो कामगार काढले तेव्हाच्या आंदोलनात मेला असं सांगितलं. तारीख चुकली, पण त्या चुकीतूनच कळलं की गावाच्या मनावरचा मोठा घाव कोणता होता. हे कुठल्या सरकारी कागदात मिळणार? म्हणून चुकीचं वाटलं तरी पुसू नका, शेजारी टीप लिहा.

परवानगीचा विषय तर याहून नाजूक आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने 2001 पासून काही वर्षं उत्तर आयर्लंडच्या संघर्षात सशस्त्र गटांत असलेल्यांच्या मुलाखती घेतल्या, तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर जाणार नाही असा शब्द देऊन. 2011 मध्ये पोलिस तपासासाठी कोर्टाची नोटीस आली आणि काही टेप द्याव्या लागल्या. म्हणजे जो शब्द आपण कायद्याने पाळू शकत नाही तो द्यायचाच नाही. कोण ऐकू शकेल, कधीपासून, नेटवर टाकायचं का, नाव लपवायचं का, हे साध्या भाषेत लेखी घ्या. आणि ऐकून झाल्यावर माणूस म्हणाला की हा भाग बंद ठेवा, तर ठेवायचा.

आता खर्चाचं. चांगल्या प्रतीची वेव्ह फाइल (म्हणजे न दाबलेला, पूर्ण आवाज), 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झची, स्टिरिओ तासाला साधारण 1 जीबी होते, म्हणजे जागा ही अडचणच नाही, फक्त प्रती तीन हव्यात आणि एक दुसऱ्या इमारतीत. अडचण माणसांची आहे, कारण एक तासाचं बोलणं ऐकून लिहून काढायला सराव असला तरी चार-सहा तास सहज जातात. तेवढं जमत नसेल तर निदान कितव्या मिनिटाला कशाबद्दल बोलणं आहे याची यादी करा, नाहीतर दोन तासांची फाइल शेवटपर्यंत कोण ऐकणार? माझं स्पष्ट मत आहे, वर्षाला शंभर मुलाखती घेऊन ढीग करण्यापेक्षा दहाच घ्या पण त्या कॅटलॉगमध्ये दिसू देत.

जुन्या टेपना तर वेळच उरलेला नाही. मशीन आणि त्यांचे सुटे भाग मिळणं 2025 च्या आसपास फार अवघड होईल असा इशारा युनेस्कोच्या एका कार्यक्रमाने 2019 मध्येच दिला होता. ज्या ग्रंथालयांच्या कपाटात अशी खोकी आहेत त्यांनी नवीन मुलाखती थोड्या थांबवून आधी ती उघडावीत, आणि घरोघरी ज्यांच्याकडे कॅसेट आहेत त्यांनीही आजच लेबल लावावं, तो आवाज ओळखणारं कोणीतरी अजून घरात आहे तोवर.

आपली,
एक वाचक