दुर्गाबाई म्हणजे फक्त जोधाबाई नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अभिनेत्री दुर्गा खोटे यांच्या स्मृतिदिनानिमित्त, म्हणजे २२ सप्टेंबरला, तुमच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. आठवण ठेवलीत याबद्दल मनापासून आभार. पण लेख वाचल्यापासून मला चैन पडलेली नाही, म्हणून आज हे पत्र लिहिते आहे.

पानभर लेख, वर 'मुघल-ए-आझम'चा मोठा फोटो. मजकुरात त्यातली जोधाबाई आहे, 'बॉबी'तली आजी आहे, 'बिदाई'तली आई आणि तिला मिळालेले फिल्मफेअर आहे. आणि रंगभूमी? 'त्यांनी काही मराठी नाटकांतूनही कामे केली', एवढे एकच वाक्य! तेही शेवटच्या परिच्छेदात, पुरस्कारांच्या यादीला चिकटवलेले.

काही नाटके? मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर आनंदीबाई म्हणून कोण उभे राहिले होते? खाडिलकरांच्या नाटकातली ही भूमिका पूर्वी केशवराव दात्यांनी गाजवलेली. एका नामवंत नटाने ठसा उमटवलेली भूमिका घ्यायची, तीही जुने प्रयोग पाहिलेले प्रेक्षक समोर असताना, आणि ती आपली करून दाखवायची! याला 'कामे केली' म्हणून वाटेला लावता येत नाही.

माझ्या आईने तरुणपणी ही आनंदीबाई पाहिली होती. आमची आई गिरगावातल्या चाळीत वाढली. आनंदीबाई म्हणजे दुष्टपणाचा कळस, एवढेच तिने घरात ऐकलेले. प्रयोगाहून परतली ती थेट तिच्या आईशी भांडायलाच बसली. नवऱ्याच्या हक्कासाठी बाई पेटून उठली, तर सगळा दोष तिच्या एकटीच्याच माथी का, हा तिचा प्रश्न होता. आजी रागावून जेवायची थांबली होती म्हणे. ही गोष्ट आम्ही आईकडून लहानपणापासून ऐकत आलो. दर वेळी सांगताना ती ताठ बसायची आणि मान किंचित वळवून बघायची, दुर्गाबाईंसारखी. मी ते नाटक पाहिलेले नाही, पण दुर्गाबाईंची आनंदीबाई मला आईच्या त्या मानेवरून ठाऊक आहे.

पुढे १९५४ साली 'राजमुकुट' झाले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चे शिरवाडकरांनी केलेले रूपांतर, दिग्दर्शक इंग्लंडहून आलेले हर्बर्ट मार्शल, नायक पुन्हा नानासाहेब फाटक आणि लेडी मॅकबेथच्या जागी दुर्गाबाई. एव्हाना पडद्यावर त्यांना वीसपेक्षा अधिक वर्षे झाली होती. नाव होते, मागणी होती. तरीही त्या संघाच्या नाटकासाठी तालमीला उभ्या राहिल्या. साहित्य संघाच्या नाटकातून पैसा तो कितीसा मिळणार? नाटकावर जीव असल्याशिवाय कोणी हे करत नाही. तुमच्या लेखात 'राजमुकुट'चे नावसुद्धा नाही.

सिनेमाचा भाग तरी नीट असावा! 'अयोध्येचा राजा'चा उल्लेख आहे, पण तोही 'नशिबाने संधी मिळाली' अशा सुरात. नशीब कसले? लाडांसारख्या प्रतिष्ठित सॉलिसिटर घराण्यातली, कॉलेजात शिकलेली मुलगी १९३१ मध्ये 'फरेबी जाल' नावाच्या सिनेमात दिसली आणि तिच्या नावाने गावभर बोलले गेले. ऐन तारुण्यात वैधव्य आले, पदरात दोन मुलगे होते. अशा स्थितीत दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंच्या बोलावण्यावरून कोल्हापूरला 'प्रभात' फिल्म कंपनीत जाऊन, याच 'अयोध्येचा राजा'त गोविंदराव टेंब्यांच्या हरिश्चंद्रासमोर त्यांनी तारामती उभी केली. १९३२ सालची गोष्ट आहे ही. पार्श्वगायन तेव्हा नव्हते, कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचे. नुसत्या नशिबाच्या जोरावर हे होत नाही.

१९३६ च्या 'अमरज्योती'तली सौदामिनी तर लेखात औषधालाही नाही. पोटच्या पोरावर आईचा हक्क नाही असा निवाडा राणी देते, तेव्हा समुद्रावर जाऊन चाचेगिरी पत्करणारी बाई दुर्गाबाईंनी रंगवली. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत गेला. ज्यांना तुमच्या लेखकाने 'पडद्यावरची सोशिक आई' म्हटले, त्यांनी पडद्यावर हातात तलवार घेतली होती, तीही आई म्हणूनच! एका कंपनीच्या महिन्याच्या पगारावर बांधून न घेता त्या वेगवेगळ्या कंपन्यांत काम करत राहिल्या. १९३७ मध्ये 'साथी' हा सिनेमा स्वतः काढला आणि दिग्दर्शितही केला. उतारवयात निर्मितीसंस्था चालवली. दूरदर्शनवरची 'वागले की दुनिया' घरोघरी पाहिली गेली, ती त्यांच्याच संस्थेची. फाळके पुरस्काराचे साल, १९८३, लेखात बरोबर आहे. पण तो कशाकशासाठी मिळाला हे लेख वाचून कुणाला कळणार नाही.

हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र मराठीत आहे, ते उघडायचेच तर होते. आणि इथे मला माझे दुखणे सांगायलाच हवे. आई गेल्यावर तिची पुस्तके आम्ही घराजवळच्या वाचनालयाला दिली. त्यात हे पुस्तक होते. आईने समासात पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, कुठे कुठे नाटकाच्या जाहिरातीची कात्रणे ठेवली होती. ते ठेवू का, असा विचार मनात आला होता, पण दहा जणांनी वाचावे म्हणून दिले. नंतर ते पुन्हा वाचावेसे वाटले म्हणून गेले, तर नोंदवहीत नाव आहे आणि कपाटात पुस्तक नाही. विचारल्यावर उत्तर मिळाले की ज्या पुस्तकांना मागणी नाही ती नोंदीतून कमी करून रद्दीत घातली. मी मागायलाच आले आहे, असे म्हटले. समोरच्यांनी मान डोलावली आणि पुढचे कार्ड हातात घेतले. कात्रणांचे काय झाले हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

शांता गोखले यांनी हे पुस्तक इंग्रजीत नेले आहे. माझी नात ते वाचू शकते, याचा मला आनंदच आहे. पण मराठी बाईचे मराठी पुस्तक मराठी वाचनालयातून किलोच्या भावाने जावे आणि मराठी दैनिकाच्या लेखात त्यातली एक ओळही नसावी, याचे दुःख फार आहे.

आणखी एक गोष्ट लिहायची राहते. पूर्वी तुमच्या रविवारच्या अंकात नव्या नाटकाचे सविस्तर परीक्षण येई. कोणी काय केले, कुठे कमी पडले, हे त्यात असे. आता त्या जागी मालिकांच्या सेटवरचे वाढदिवस छापून येतात. नाटकांच्या जाहिराती इतक्या बारीक अक्षरांत असतात की प्रयोगाची वेळ वाचायला मला भिंग घ्यावे लागते. आज रंगमंचावर ज्या मुली जीव तोडून काम करत आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेच नाहीत, तर उद्या त्यांच्या स्मृतिदिनाचा लेख कशाच्या आधारावर लिहिणार?

तेव्हा विनंती एवढीच, की दुर्गाबाईंच्या नाटकांवर स्वतंत्र लेख छापावा. 'भाऊबंदकी' आणि 'राजमुकुट' पाहिलेले किंवा घरात त्यांच्याबद्दल ऐकलेले वाचक अजून असतील, त्यांना आठवणी पाठवायला सांगावे. मी आईच्या आठवणी लिहून द्यायला तयार आहे. लेख छापलात तर त्याच पुरवणीत, तेवढ्याच जागेत छापा. पत्रव्यवहाराच्या कोपऱ्यात नको.

आपली,
एक वाचक, गिरगाव, मुंबई