पावलांची लय आधी मोजणाऱ्या वादकांस

आदरणीय वादक मित्रहो,
स. न. वि. वि.

वॉर्डात संगीत म्हटलं की स्पीकरवर मंद बासरी लावून देणं, एवढंच बहुतेकांना सुचतं. समोरचा रुग्ण दमला असो वा घाबरला असो, ध्वनिमुद्रण आपल्या लयीत चालूच राहतं. तुम्ही आधी रुग्णाकडे बघता आणि मग वाद्याला हात लावता. हे आभार त्याचे आहेत.

पार्किन्सनच्या रुग्णाला चालवताना तुम्ही आधी मिनिटभर त्याची पावलं मोजता. ८० पडली तर ठेका ८०चाच. पाऊल ठेक्यावर बसलं की ८४, फार तर ८८. उत्साहाच्या भरात एकदम १००वर गेलं, तर पावलं आखूड होतात, माणूस पुढे झुकतो आणि तोल जातो. ठेकाही साधा, ठळक. मध्ये भरणा नाही. तयारीच्या हाताला हे किती जड जात असेल! दाराशी किंवा वळणावर पाय जमिनीला खिळले, तर तुम्ही लय वाढवत नाही. ती तशीच धरून ठेवता. रुग्ण थांबतो, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतो आणि मग ठेक्यावर पाऊल टाकतो.

पक्षाघाताने वाचा गेलेल्यांना वाचा-उपचारतज्ज्ञ ‘पाणी द्या’ दोनच सुरांत म्हणायला लावतात, डाव्या हाताने अक्षरागणिक टिचकी देत. तेव्हा वाद्य बाजूला ठेवायचं असतं, हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे परक्या भाषेच्या रुग्णाजवळ तुम्ही ‘त्यांच्याकडचं’ म्हणून काही ऐकीव वाजवत नाही. सोबतच्या नातेवाइकाला आधी गायला सांगता, त्यांचा षड्ज शोधता आणि तेवढाच धरून ठेवता. पंचमसुद्धा गाणं नीट ऐकल्यावरच. कारण पेटीचे सूर ठरलेले: सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप) धरले, तर तिचा शुद्ध गंधार ४००वर आणि कोमल गंधार ३००वर. अरबी संगीतातल्या ‘रास्त’ या स्वररचनेतला गंधार या दोहोंच्या मधोमध कुठेतरी लागतो. पेटीत तो नाहीच. जवळची पट्टी दाबून वेळ मारून नेली, तर ऐकणाऱ्याला आपलंच गाणं परकं वाटतं. नुसता षड्ज ठेवला की गाणाऱ्याला हवा तो सूर लावता येतो, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूसही त्यात आपला सूर मिसळू शकतो.

कपाळावर आठी आली किंवा श्वास वाढला की तुम्ही अर्ध्या ओळीवरही थांबता. टाळ्यांची सवय असलेल्याला हे साधणं सोपं नाही.

एक विनंती. सॅनिटायझर हातावर पूर्ण वाळल्याशिवाय गिटारला हात लावू नका. शेलॅकचं (लाखेचं) पॉलिश अल्कोहोलने विरघळतं. चामड्याची पुडी रसायनाने पुसता येत नाही, म्हणून संसर्गाच्या रुग्णांच्या खोलीत तबला, ढोलकी नकोच. तिथे पुसता येईल असं प्लास्टिकच्या पडद्याचं डफ चालेल.

आपले,
वॉर्डातील परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट