ठराव होण्याआधी कळावे म्हणून

दांडिया बाजार,
बडोदे

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या दारात महापालिकेच्या कामकाजाचा जो फलक लागतो, त्याविषयी तू सविस्तर विचारले आहेस आणि पुण्यात तुमच्या पेठेत तसे काही करावे असे तुझ्या मनात आहे, हे वाचून मला मनापासून आनंद झाला.

महापालिकेने काय ठरवले ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतेच. परंतु तोपर्यंत ठराव झालेला असतो आणि नागरिकाच्या हाती केवळ तक्रार उरते. आमचा सगळा भर म्हणून ठरावापूर्वीच्या माहितीवर आहे. येथे १९ प्रभागांतून निवडून आलेल्या ७६ नगरसेवकांची समग्र सभा असते. पण मोठ्या खर्चाची कामे प्रथम १२ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे येतात. त्या समितीची विषयपत्रिका नगरसेवकांकडून मागून घ्यायची आणि आपल्या भागाशी संबंधित विषय गुजराती व मराठी अशा दोन्ही भाषांत, कोणालाही समजेल अशा शब्दांत फलकावर लिहायचे, हे आमचे मुख्य काम. काम कोणते, कोणत्या रस्त्यावर, खर्च किती आणि हरकत घ्यायची असल्यास ती कोणाकडे व कोणत्या तारखेपर्यंत, एवढे त्यात असलेच पाहिजे, असा आमचा आग्रह असतो.

यातली तारीख सर्वांत महत्त्वाची, हे टी.पी. स्कीमच्या, म्हणजे नगररचना योजनेच्या, बाबतीत फार ठळकपणे दिसते. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार एखाद्या भागाच्या जमिनी एकत्र आखून रस्ते, बागा आणि सार्वजनिक सोयींसाठी प्रत्येकाच्या जमिनीतला काही हिस्सा कापला जातो आणि उरलेली जमीन नव्या आकाराच्या फायनल प्लॉटच्या रूपाने मालकाला परत मिळते. मसुदा प्रसिद्ध झाल्यापासून एका महिन्यात हरकत नोंदवता येते. शहराच्या कडेला ज्याची वडिलोपार्जित जमीन आहे, पण जो स्वतः नोकरीनिमित्त दूर राहतो, त्याच्या दृष्टीने हा महिना किती लवकर सरत असेल याची तू कल्पना कर. शासकीय सूचना रीतसर छापली जाते हे खरे. मात्र सर्व्हे नंबरांच्या त्या लांबलचक यादीत आपली जमीन आहे, हे कोणीतरी शेजाऱ्याने सांगितल्याशिवाय सामान्य माणसाच्या लक्षात येत नाही. तो शेजारी होण्याचे काम आम्ही पत्करले आहे.

कायदाही या बाबतीत आपल्या बाजूने आहे. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याचे चौथे कलम तू अवश्य वाच. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व वस्तुस्थिती शासनाने आपण होऊन प्रसिद्ध करावी, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना निर्णयाची कारणे द्यावीत आणि ही माहिती पसरवताना स्थानिक भाषेचा विचार करावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. अर्ज करण्याची वेळ पुढची. येथे त्याला २० रुपये शुल्क आणि उत्तरासाठी साधारणपणे ३० दिवसांची मुदत आहे. तेवढ्या काळात ठराव होऊनही जातो, आणि म्हणून केवळ अर्जांवर विसंबणे मला पुरेसे वाटत नाही.

एक पथ्य मात्र आम्ही कसोशीने पाळतो. फलकावर आमचे मत कधीही लिहीत नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर येथील विश्वामित्री नदीचे पात्र रुंद आणि खोल करण्याचे काम निघाले, तेव्हा पाणी घरात शिरलेल्यांना ते तातडीने हवे होते, तर मगरी आणि काठची झाडी यांची काळजी असलेल्यांना धास्ती वाटत होती. दोन्ही बाजूंची माणसे आमच्या वाचनालयात येतात. फलक एका बाजूला झुकला, की दुसरी बाजू तो वाचणे सोडते आणि त्यासोबत हरकतीची तारीखही तिच्या नजरेतून सुटते.

आता तुझ्याकडे एक मागणे आहे. फेब्रुवारीत अंदाजपत्रक समग्र सभेपुढे येईल. मागील वर्षी मंजूर झालेली रक्कम आणि प्रत्यक्ष झालेला खर्च शेजारीशेजारी मांडून दाखवणारा हिशेब आम्हांला जमत नाही. तुझे सारे आयुष्य लेखापरीक्षणात गेले आहे, तेव्हा जानेवारीअखेर आठवडाभर बडोद्यास ये आणि आम्हांला ते वाचायला शिकव. सौ. वहिनींनाही घेऊन ये. येण्याची तारीख तेवढी आधी कळव, म्हणजे वाचनालयातल्या मंडळींना एकत्र बोलावता येईल.

तुझा,
माधव