इच्छा आहे, खोली नाही : एका सिस्टरला पत्र

प्रिय सिस्टर,

तुम्ही रिटायर झाल्याचं ओपीडीतल्या मावशींनी सांगितलं. निरोप समारंभाला पेशंटांना बोलवायची पद्धत नाही, म्हणून हे पत्र. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, तुमचं नाही, माझंही नाही. ज्या मुलींना कळायचं त्यांना चार ओळींत कळेल मी कोणाबद्दल बोलून राहिले ते.

नागपुरातली युरॉलॉजीची ओपीडी म्हणजे उन्हाळ्यात मुतखडेवाल्यांची जत्रा. ऊन पंचेचाळीसला टेकतं, अंगातलं पाणी आटतं आणि अख्खा विदर्भ कंबर धरून रांगेत येतो. त्या रांगेत ओढणी सावरत मी उभी. दारावरचा माणूस म्हणाला, "बाई, पेशंट कुठं आहे?" केसपेपर वाचल्यावर त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं तो शेजारच्याला दाखवायला हात लांब केला. तो कागद तुम्ही मधल्यामधे काढून घेतलात. त्याला बोलला काहीच नाहीत. मला म्हणालात, "चल, आत बस." त्याचे आभार आधी.

मी ट्रान्स बाई. योनी तयार करायचं माझं ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालेलं. सर्जनच्या हाताला नावं ठेवणार नाही, काम चांगलं झालं. पण डिस्चार्ज कार्डावर योनीची खोली सेंटिमीटरमध्ये, टाके आणि औषधं एवढंच होतं. गावी परतलेल्या बाईचं पुढं काय, ते त्यावर कुठंच नव्हतं. लघवीची धार फाकायला लागली, बारीक झाली, तेव्हा आधी एका डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, "होते ना? मग झालं तर." कितीतरी बायकांनी हेच वाक्य ऐकलंय, ट्रान्स असोत की नसोत.

तुम्ही मला युरोफ्लोच्या, म्हणजे लघवीची धार मोजायच्या, खोलीत नेलंत. मशीन पुरुषांच्या बाजूला होतं, उभं राहून करायचं. तुम्ही नरसाळ्याची खुर्ची शोधून आणलीत, आतून कडी लागते का ते स्वतः पाहिलंत आणि बाहेर स्टूल टाकून बसलात. "काऊन घाबरून राहिली? पाणी पी अजून. दीडशे मिलीच्या खाली आलं तर ग्राफले अर्थ नाही." नंतर तो कागद घडी घालून फायलीत न टाकता माझ्यासमोर धरलात. चांगली धार असली की रेघ टेकडीसारखी चढते आणि उतरते. माझी जमिनीलगत लांबच लांब गेलेली. या शस्त्रक्रियेत मूत्रमार्ग आखूड करून त्याचं तोंड नव्या जागी शिवतात आणि ते तोंड कधीकधी आकसतं, हे मला पहिल्यांदा तुमच्याकडून कळलं. नशीब नाही, शाप नाही, माहितीतली गुंतागुंत. डॉक्टरांनी ते मोठं केलं, धार सुधारली.

पण एवढ्यासाठी मी उघड पत्र लिहिलं नसतं. धारेचं काम दुसऱ्या कोणीही केलं असतं, कधीतरी.

डॉक्टरांचा पाठपुराव्याचा अभ्यास चालला होता: शस्त्रक्रियेनंतर लघवी, दुखणं आणि लैंगिक सुख यांचं काय होतं. तुम्ही फॉर्म पुढं सरकवून "इथं सही" म्हणाला नाहीत. पूर्ण वाचून दाखवलात. अभ्यासात भाग घेतला नाही तरी उपचार तेच मिळतील, मधेच सोडलं तरी कारण द्यायचं नाही, ही ओळ दोनदा. मग असं काही विचारलंत जे छापील कागदावर नव्हतं: "घरी फोन केला तर कोणत्या नावानं विचारू? आईनं उचलला तर काय सांगू?" आयसीएमआर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी संशोधनात ज्यांची विशेष काळजी घ्यायची त्यांत लैंगिक अल्पसंख्याकांना धरलंय. ते तुम्ही वाचलं होतं की नाही, देव जाणे. वागणूक मात्र तीच.

मग ती प्रश्नावली आली. नंतर मी तिच्याबद्दल बरंच वाचलं, म्हणून सांगते. एफएसएफआय तिचं नाव, 2000 साली आलेली, प्रश्न 19, सगळे गेल्या चार आठवड्यांबद्दल. बायकांच्या लैंगिक आरोग्याच्या अभ्यासात जगभर हीच वापरतात. पण ती जन्मानं बाई असलेल्यांसाठी केलेली. त्या 19 मधले 4 प्रश्न ओलाव्याचे आहेत. माझ्या योनीचं अस्तर कातडीचं, तिथं ओलावा आपसूक येत नाही, जेल लावावंच लागतं. म्हणजे तिथं माझे गुण आधीच कापलेले. बरं, पुरुषांची प्रश्नावली द्यावी, आयआयईएफ, 1997 ची, तर तिच्यात ताठरपणाची चौकशी. मला काय विचारणार ती?

त्याहून वाईट म्हणजे शून्य. बहुतेक प्रश्नांना पहिला पर्याय "संबंध आला नाही" आणि त्याचे गुण शून्य. एकूण 36 पैकी 26.55 च्या खाली गेलं की बिघाड समजायचा. मी मानेवाड्याला दोन खोल्यांत आई, भाऊ आणि वहिनीसोबत राहते. डायलेशन, म्हणजे नवी योनी आकसू नये म्हणून आत नळी घालून ठेवायची, तेसुद्धा सगळे कामाला गेल्यावर, कूलर मोठा करून, दाराला खुर्ची लावून करायचे. जोडीदार नव्हता. मी भराभर शून्यावर खुणा करत गेले आणि जिथं काय लिहावं कळेना ते सोडून दिलं.

तुम्ही कागद पाहिलात. पेन काढलात. समासात बारीक अक्षरात लिहिलंत: "खोली नाही. पार्टनर नाही. इच्छा आहे." मग मला विचारलंत, बरोबर आहे ना? आणि मग, आवाज जराही न बदलता, "एकटी असताना बरं वाटते का? शेवटापर्यंत जाता येते का?"

सिस्टर, तोवर माझ्या शरीराबद्दल मला कितीतरी लोकांनी कितीतरी विचारलं होतं. रेल्वेच्या डब्यात, पोलीस चौकीत, लग्नाच्या पंगतीत. हे कोणी नव्हतं विचारलं. मी आधी हसले, मग रडले, मग उत्तर दिलं. येते, पण वेळ लागतो, आणि कधीकधी काहीच कळत नाही. तुम्ही पुस्तकातल्यासारखं समजावलंत: शिश्नाच्या टोकाचा भाग नसा आणि रक्तवाहिन्यांसकट ठेवून त्याचीच क्लिटोरिस करतात, सूज उतरायला आणि संवेदना जागेवर यायला कित्येक महिने जातात, घाई करू नको. प्रोस्टेट काढत नाहीत, ते आतच असतं, सुखात त्याचाही वाटा असतो. वय झालं की त्याची तपासणीही करायची, आणि तेव्हा डॉक्टरांना ईस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घेते हे आठवणीनं सांगायचं, कारण त्यानं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा, कमी दिसतो. हे शेवटचं मी आता भेटेल त्या प्रत्येकीला सांगते. बायकांच्या वॉर्डात कोणी विचारणार नाही आणि पुरुषांच्या वॉर्डात आम्ही जाणार नाही.

मोरोक्कोतल्या कॅसाब्लांकात डॉक्टर जॉर्ज ब्युरो यांनी आजच्या पद्धतीची ही शस्त्रक्रिया केली ती 1956 मध्ये. तेव्हापासून योनीची खोली मोजली, टाके मोजले, गुंतागुंती मोजल्या. ऑपरेशन झालेल्या ट्रान्स बाईच्या सुखासाठी स्वतंत्र प्रश्नावली इटलीतल्या युरॉलॉजिस्टांनी केली ती अगदी अलीकडे. जेंडर-क्यू म्हणून आणखी एक आहे, ती तर ट्रान्स लोकांच्या मुलाखती घेऊनच बनवली. आपल्याकडे ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांच्या 2019 च्या कायद्यात कलम 15 खाली, आमच्या आरोग्याच्या प्रश्नांसाठी डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा आणि संशोधनाचा आढावा घ्या, असं लिहिलं. लिहिलं ते बरंच झालं. पण कागद आणि पेशंट यांच्यामधे खुर्ची टाकून कोणीतरी बसावं लागतं, आणि ते काम कोणत्याच कलमात येत नाही.

समासातल्या तुमच्या त्या ओळींचं पुढं काय झालं हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मला डॉक्टरांकडूनच कळलं. फॉर्ममध्ये "संबंध आला नाही"च्या खाली कारणांचा वेगळा रकाना आला: जागा नाही, जोडीदार नाही, दुखतं, भीती, इच्छा नाही. ज्या बाईला दुखतं आणि जिला खोली नाही, त्या दोघींना एकाच शून्यात कोंबलं तर तो अभ्यास खोटा निघतो. पहिलीला उपचार लागतो, दुसरीला खोलीचं भाडं. एवढी साधी गोष्ट सांगायला एका सिस्टरला पेन काढावं लागलं, याचा मला आजही राग येतो आणि तुमचा अभिमान वाटतो.

गोंदिया-गडचिरोलीच्या मुलींना तुम्ही सकाळचा नंबर दिला नाहीत, दुपारचाच दिलात, म्हणजे गणेशपेठच्या स्टँडवर उतरून आरामात पोचता यावं. त्यांच्यातल्या काही जणी नाहीतर परत आल्याच नसत्या. मग कागदावर उरल्या असत्या फक्त शहरातल्या, पैसेवाल्या, घरच्यांनी स्वीकारलेल्या, आणि सगळं झकास आहे असा निष्कर्ष निघाला असता.

पेपर छापून येईल तेव्हा शेवटी आभाराच्या ओळीत "नर्सिंग स्टाफ" एवढंच येईल. मी डॉक्टरांना सांगून आले आहे की तिथं तुमचं पूर्ण नाव पाहिजे. ते "बघतो" म्हणाले. आता तुम्हीही एक फोन करून मागा, लाजू नका.

आणि एक काम राहिलंय. नव्या सिस्टर मनानं चांगल्या आहेत, पण फॉर्म खिडकीवर, रांगेतच भरून घेतात, आणि खुर्चीच्या खोलीला कुलूप असतं. किल्ली कोणाकडे असते ते त्यांना माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. कळवाल?

तुमची,
युरोफ्लोवाली पेशंट
नागपूर