पिवळी लाइट घालवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

संपादकसाहेब, नमस्कार.

डिसेंबरात तुमच्या पेपरात घडी घालून एक पॅम्प्लेट आलं होतं, ऑइल चेंज, फिल्टर, वॉशिंग सगळं मिळून 1299 रुपये आणि वर गाडीतलं परफ्युम फ्री. पॅम्प्लेट पेपर टाकणारा पोरगा घालतो, तुमचा त्यात काही दोष नाही हे कळतं मला, पण आलं तुमच्या पेपरातून म्हणून पत्रपण तुम्हालाच. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण भांडण काढायचं नाहीये.

माझी गाडी 2019 ची, 1.2 पेट्रोल. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, 0डब्ल्यू-20 ऑइल, फिल्टरसकट 3.1 लीटर. आमचे नेहमीचे मिस्त्री गावाला गेलेले, आणि नाताळच्या सुट्टीत नातवंडं येणार म्हणून मी घाईनं त्या पॅम्प्लेटवाल्या गॅरेजला गाडी नेली, ही माझीच चूक. तिथं एक पोरगं मागच्या ड्रममधून मापानं ऑइल घेऊन आलं. मी विचारलं कुठलं आहे रे, तर म्हणाला, "काका, सगळ्या गाड्यांना हेच चालतं." तिथंच उठून यायला पाहिजे होतं. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल 4 लीटर, फिल्टर 1’. ग्रेड नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गाडी चालू केली, साताऱ्याची थंडी तुम्हाला माहितीये, आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत ही म्हणाली ते पिवळं काय लागलंय. इंजिनाचं चित्र असलेली लाइट. इथं एक सांगतो कारण आमच्या कट्ट्यावर निम्म्या लोकांना फरक माहीत नव्हता. तेलाच्या किटलीचं लाल चित्र लागलं तर गाडी तिथंच बाजूला घेऊन बंद करायची, घर दोन मिनिटांवर असलं तरी. पिवळं इंजिन नुसतं लागून राहिलं तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं, पण तेच लुकलुकायला लागलं तर बहुतेक वेळा मिसफायर असतो, म्हणजे इंजिनात पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळालेलं पेट्रोल पुढं जाऊन धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते आणि तो फार महाग पडतो.

तर परत गेलो त्याच गॅरेजला. फोरमनने स्टिअरिंगखाली मशीन लावलं, बटण दाबलं, लाइट गेली. "सेन्सरचा प्रॉब्लेम होता, रिसेट केलं." मशीनवर बिघाडाचा कोड काय आला म्हणून विचारलं तर तसं काही नसतं म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी परत लाइट. परत गेलो तर आता म्हणे ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह गेलाय, 6800 रुपये, लेबर वेगळी.

मग भाच्याचा नऊशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणला. कोड निघाला पी-0011. म्हणजे कॅमशाफ्टचं, इंजिनाच्या झडपा उघडझाप करणाऱ्या दांड्याचं, टायमिंग कॉम्प्युटर जिथं सांगतोय तिथं येत नाहीये. पण कोणता पार्ट खराब आहे हे कोड सांगत नाही हो! मी तीस वर्षं शाळेत काढली, प्रगतीपुस्तकावर गणितात नापास एवढंच लिहिलेलं असतं, का नापास ते पोराला जवळ बसवून विचारावं लागतं.

ते विचारलं आमच्या मिस्त्रींनी, गावाहून आल्यावर. पहिला प्रश्न, "गुरुजी, लाइट कधी लागतीय, सकाळी का दुपारी?" म्हटलं सकाळीच. त्यांनी मशीन बाजूला ठेवलं आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्या चांगलं बोटभर वर. मग डिपस्टिक तिरकी धरून थेंब कधी पडतोय बघत उभे राहिले, आणि थेंब काही पडेना. म्हणाले हे झिरो डब्ल्यू नव्हे, हे जुन्या गाड्यांचं जाड ऑइल आहे.

मग समजावून सांगितलं. या इंजिनात कॅमचं टायमिंग ऑइलच्या प्रेशरनंच पुढंमागं होतं, बारीक वाटांतून, आणि ते ऑइल सोडतो तो हाच ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती पातळ राहतं त्याचा, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. आता काकवी थंडीत बरणीतून कशी उतरत नाही, तसं जाड ऑइल सकाळी त्या वाटांतून वेळेवर पोचत नाही, कॅम सांगितल्या जागी वेळेवर येत नाही, कॉम्प्युटर बोंब मारतो. दुपारी इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं म्हणून तेव्हा सगळं ठीक वाटतं. वर जास्त भरलेलं असलं तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा खालचा फिरता दांडा, त्यात फिरून फेस होतो, आणि फेसाला प्रेशर कुठलं.

ऑइल टबात उतरवलं, साडेतीन लीटरचा रिकामा कॅन भरून पाण्याच्या बाटलीत आणखी अर्धा लीटर. मग त्यांनी फिल्टर काढला, फडक्यानं पुसला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. पांढऱ्या मार्करनं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘फेब्रु. 41200’. म्हणजे फेब्रुवारीत 41200 किलोमीटरला त्यांनीच बसवलेला फिल्टर. नवीन फिल्टरचे पैसे बिलात घेतले आणि फिल्टर बदललाच नाही!

बरोबर ऑइल, नवा फिल्टर, ड्रेन बोल्टचं नवं वॉशर, आणि तो व्हॉल्व्ह काढून जाळी साफ केली. व्हॉल्व्ह जुनाच आहे. अडीच महिने झाले, लाइट लागलेली नाही.

आता मागणं एवढंच आहे की गॅरेजवाल्यांनी लाइट घालवायच्या आधी कोड बिलावर लिहून द्यावा, ऑइलचा ग्रेड लिहावा, सीलबंद कॅन गिऱ्हाइकासमोर फोडावा आणि जुना फिल्टर हातात द्यावा. यात त्यांचे पाच मिनिटं जातील फार तर. आणि गंमत बघा, ही लाइट मुळात प्रदूषणासाठी आहे, आपल्याकडे 2013 पासून नव्या गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे गाडीनं स्वतःच बिघाड ओळखून कोड ठेवायची सोय, त्यासाठीच आलं, पण मी लाइट लागलेली असतानाच पीयूसी काढायला गेलो, सायलेन्सरमध्ये नळी घातली, फोटो काढला, पास! डॅशबोर्डकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाड्यांचे रिव्ह्यू येतात, एखाद्या आठवड्यात हे पण छापा की.

तो फिल्टर घेऊन मी त्या गॅरेजला गेलो होतो. फोरमनने उलटासुलटा करून बघितला, "पोरानं चुकून केलं असेल काका" म्हणाला, आणि ड्रॉवरमधून अजून एक परफ्युम काढून माझ्यापुढं ठेवलं.

— एक निवृत्त शिक्षक, सातारा