‘वेगळा कोण?’ या कोड्यातल्या देवमाशाविषयी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या बालपुरवणीत ‘वेगळा कोण?’ हे कोडं होतं. मगर, कासव, बेडूक, देवमासा अशी चार नावं, आणि खाली उलट्या अक्षरांत उत्तर: ‘देवमासा, कारण तो मासा आहे.’

देवमासा मासा नाही. त्याची मादी पिल्लाला जन्म देते, दूध पाजते, आणि श्वास घ्यायला तिला पाण्याच्या वर यावं लागतं. एवढी दुरुस्ती पोस्टकार्डावर मावली असती. पण त्या कोड्यावरून आमच्या घरी जे रामायण झालं ते पोस्टकार्डावर मावणारं नाही, म्हणून हा कागद.

नात चौथीत आहे, इंग्रजी माध्यमात. घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि जिन्यात गुजराती. पुरवणी तिला मी वाचून दाखवते. ‘देवमासा’ हा शब्द तिला ठाऊक नव्हता. “व्हेल गं,” म्हटल्यावर म्हणाली, “मग त्याला मासा का म्हणतात? म्यूझियममध्ये तर हाडं आहेत.” कमाटीबागेतल्या आपल्या संग्रहालयात नील देवमाशाचा सांगाडा आहे, ७० फुटांहून लांब, १९४४ साली मही नदीच्या मुखाशी सापडलेला. बडोद्यातलं प्रत्येक पोर तिथे एकदा तरी आ वासून उभं राहिलेलं असतं. माशाला काटे असतात आणि याला हाडं आहेत, म्हणून हा मासा नव्हे, असा तिचा हिशेब. (काटेही हाडांचेच असतात हे मी तिला लगेच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं.)

मग मी उत्तरावर हात ठेवला आणि विचारलं, तुझ्या मते वेगळा कोण? ती म्हणाली, बेडूक. “बाकीच्यांची पिल्लं आईसारखीच दिसतात, फक्त लहान. बेडकाचं पिल्लू बेडकासारखं दिसतच नाही.” सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, कासव, पाठीवर घर घेऊन फिरणारं तेच एक. आमच्या ह्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता ‘मगर’ म्हणून टाकलं, कारण दारात आली तर पळावं लागेल अशी तीच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात चढलं आणि मगरी वस्त्यांत शिरल्या, तेव्हापासून ह्यांचं प्राणिशास्त्र एवढ्या एकाच निकषावर चालतं.

म्हणजे बघा, चार प्राणी, चार उत्तरं. आमच्या घरातलं एकही उत्तर चूक नव्हतं, कारण प्रत्येकाला स्वतःचं असं कारण होतं. चूक फक्त छापलेलं ठरलं, आणि तेही नावामुळे नव्हे, कारणामुळे. ‘देवमासा, कारण एकटा तोच पिल्लाला दूध पाजतो’ असं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं.

कोडं रचणाऱ्यांनी वाईट वाटून घेऊ नये. सजीवांच्या वर्गीकरणाची घडी बसवणाऱ्या लिनियसने १७३५ साली देवमाशाला माशांतच घातलं होतं. सस्तन प्राण्यांत आणलं ते १७५८ च्या आवृत्तीत, तेवीस वर्षांनी. आपली भाषाही या बाबतीत बेभरवशाची आहे. पाणघोडा घोडा नाही, खवल्या मांजर मांजर नाही, तारामासा मासा नाही, गोगलगाय तर गायीच्या आसपासही नाही. पण तीच भाषा ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणते तेव्हा थक्क व्हायला होतं, कारण शास्त्रात गोगलगायीच्या वर्गाचं नाव ‘उदरपाद’ आहे. पोट आणि पाय, दुसरं काही नाही. ज्या कुणी बाईने भिंतीवर सरकणारी गोगलगाय पाहून ही म्हण केली, तिने निरीक्षण केलं होतं. पुस्तकातला तक्ता पाठ केला नव्हता.

मी बत्तीस वर्षं मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवलं. सुरुवातीची बरीच वर्षं मीही तक्ताच शिकवला. फळ्यावर वनस्पतींचे दोन रकाने, एकदल आणि द्विदल, म्हणजे बीत एकच दल असलेल्या आणि दोन दलं असलेल्या. एकदलाची पानं समांतर शिरांची, मुळं तंतुमुळं. द्विदलाच्या पानांवर शिरांची जाळी, मूळ सोटमूळ. मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत जशीच्या तशी ओकायची. मग एका वर्षी खंडेराव मार्केटमधून भाजी घेऊन थेट वर्गात गेले. मुळांसकट मेथीची जुडी, कांद्याची पात, पानांसकट मक्याची कणसं, गवती चहा, आणि वाटेत कुणाच्या तरी कुंपणावरची जास्वंद. शिवाय घरून एका पुडीत तुरी, हरभरे, गहू, ज्वारी. रकाने आखले नाहीत. म्हटलं, तुम्हाला जे जे सारखं वाटेल ते ते एकत्र ठेवा.

आधी अर्थातच ‘खायचं’ आणि ‘न खायचं’ असे दोन ढीग झाले. त्यावर जास्वंदीचं तेल करतात की नाही यावरून भांडण. मग एका मुलीच्या लक्षात आलं की पातीची मुळं म्हाताऱ्याच्या दाढीसारखी आहेत आणि मेथीचं मधलं मूळ एकटंच खाली गेलंय. मग पानं उजेडाकडे धरून पाहणं सुरू झालं. धान्याचं कोडं तर कुणी तरी एका वाक्यात सोडवलं, “बाई, ज्याची डाळ होते ते द्विदल!” तुरीची होते, हरभऱ्याची होते, गव्हाची होत नाही. इतकी वर्षं मी ‘बीजपत्र’ हा शब्द शुद्धलेखनासकट पाठ करून घेत होते आणि उत्तर रोज आमटीत उकळत होतं.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी झाली. फरसाणवाल्याचा एक मुलगा परसातलं अळू मुळासकट उपटून घेऊन आला. आपण अळूवडी म्हणतो, शेजारी पात्रा म्हणतात, ते अळू. “बाई, हे कुठं ठेवू?” पान पाहिलं, शिरांची जाळी स्पष्ट. मी तोऱ्यात म्हटलं, द्विदल. तो हलला नाही. “पण मूळ दाढीवालं आहे.” खरंच होतं. माझ्या दोन रकान्यांवर ते अळू आडवं पडलं आणि वर्ग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. उद्या सांगते म्हणाले. सांगायला आठवडा लागला. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या एका बाईंना गाठलं तेव्हा कळलं की अळू एकदलच, शिरांची जाळी असूनही. उंधियूत पडतो तो जांभळा कंदही तसाच. आणि अळू नि सुरण एकाच कुळातले. हे ऐकून मला वाटलं, अगंबाई, म्हणूनच दोन्हींना चिंच लागते! दोन्हींत ते सुईसारखे बारीक खडे असतात, घसा खाजवणारे. आईने मला दोन्ही भाज्या चिंच घालून करायला शिकवलं, पण त्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत हे तिलाही माहीत नसावं.

मुलाला वर्गासमोर सांगितलं, तू बरोबर होतास, मी घाई केली. पुढे परीक्षेत मी एकदल-द्विदलाच्या प्रश्नाला पाचपैकी तीन गुण कारणाला ठेवले. वरून विचारणा झाली. तपासायला वेळ लागतो, एका मुलाचं उत्तर दुसऱ्याशी जुळत नाही, मग गुण कशाच्या आधारे देता? मी लेखी खुलासा दिला. पुढच्या वर्षी छापील प्रश्नपत्रिका आली, जोड्या लावा. त्या खुलाशाची प्रत अजून माझ्याकडे आहे. असो.

जुन्या पाठ केलेल्या तक्त्यांचं पुढे काय होतं तेही सांगते. माझ्या शाळेत भूछत्र वनस्पतींत होतं. व्हिटेकर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी, म्हणजे पाच मोठे गट, मांडले तेव्हा भूछत्र ज्यांत मोडतं त्या कवकांना वेगळी सृष्टी दिली, पण ती बातमी आमच्या क्रमिक पुस्तकापर्यंत पोचायला बराच काळ गेला. आणि आपली विश्वामित्रीतली मगर? तिला आपण पालीशेजारी बसवतो. आता शास्त्रज्ञ म्हणतात की ती पालीपेक्षा पक्ष्यांच्या जवळची. तिचं हृदयही पक्ष्यांसारखं चार कप्प्यांचं. हे मी नातीला सांगितलं तर तिने काळ्या घोड्याच्या पुलावर उभं राहून खालच्या मगरीला “चिऊताई” अशी हाक मारली. बाजूचे लोक बघायला लागले.

ज्या मुलाला मगर सरीसृप एवढंच पाठ आहे त्याला ही नवी बातमी म्हणजे पुस्तक चुकलं. पण ज्याने कधी स्वतः ढीग लावून मोडले आहेत, तो विचारेल, कशावरून? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. त्या राज्यातल्या शाळांत पोरं ‘कशावरून’ विचारायला आता तरी लागावीत, असं मला वाटतं. शाळांचं माझ्या हाती नाही, पुरवणी आपल्या हाती आहे. कोड्याखाली ‘कारण’ लिहायला दोन ओळी मोकळ्या ठेवा. आणि मुलांची वेगवेगळी उत्तरं पुढच्या रविवारी छापा, एकच बरोबर म्हणून नव्हे.

नातीने सोबत एक कोडं धाडलं आहे: वड, पिंपळ, उंबर, आंबा. वेगळा कोण? तिचं उत्तर वड, कारण पारंब्या त्यालाच. तिची मैत्रीण म्हणते आंबा, कारण त्याचाच मोहोर दिसतो, बाकीच्यांची फुलं कधी कुणी पाहिली? दोघींचं दोन दिवस बोलणं बंद होतं. उत्तर छापू नये अशी तिची अट आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे