वाढीव वॉरंटी घेण्याआधी
जुनी गाडी घेताना वाढीव वॉरंटी हमखास गळ्यात मारली जाते. पैसे देण्याआधी करारातली वगळलेल्या भागांची यादी वाचावी. क्लचप्लेट, ब्रेकपॅड, सस्पेन्शनचे बुश, बॅटरी, टायर, म्हणजे जुन्या गाडीत खर्चात पाडणारे नेमके भाग, बहुधा तिथेच सापडतात. उरतात इंजिन आणि गिअरबॉक्स. साध्या पेट्रोल-मॅन्युअल गाडीत ते सहसा दगा देत नाहीत. ते पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले बरे. टर्बो डिझेल किंवा ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर मात्र वॉरंटी घ्यावी. तिथे एकच दुरुस्ती लाखाच्या घरात जाऊ शकते. दाव्याची कमाल मर्यादाही पाहावी. ऑइल बदलल्याची बिले जपावीत, नाहीतर दावा फेटाळायला आयतेच निमित्त! आणि तापमानाचा लाल दिवा लागूनही गाडी दामटली, हेडगॅस्केट (इंजिनच्या ब्लॉक आणि हेडमधले सील) गेले, तर तो खर्च बहुतेक आपल्याच खिशातून.